भुलेचे सोबती

 

आज बोलायचं आहे ऑपरेशनच्या वेळच्या औषधांविषयी. ऑपरेशन म्हटलं की माणसाला घाम फुटतो. त्यातही चाकूपेक्षा भुलेची भीती मोठी. "झोपलेला माणूस उठेल ना?" असं घरचे विचारतात. म्हणून ही भूल नीट समजून घेऊ.

१८४६ साली अमेरिकेत बोस्टन शहरात मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका रोग्याला ईथर हुंगवले. रोग्याला गुंगी आली. मग डॉक्टरांनी त्याच्या मानेवरची गाठ कापली. त्याआधीच्या काळी रोग्याला चौघांनी दाबून धरावं लागे.

ईथरने मोठं काम केलं. पण सगळा भार एकट्या ईथरवर पडला. झोप आणायची, दुखणं थांबवायचं, पोटाचे स्नायू सैल करायचे, सारं त्यानेच करायचं. मग ते फार द्यावं लागे. फार दिलं की श्वासाला आणि हृदयाला धोका. गाडीत पोती भरून एकच बैल जुंपला, तर बैल बसणारच ना?

म्हणून आता भुलेच्या जोडीला दुसरी औषधे देतात. ज्याला जे लागेल ते. प्रत्येकाचं काम वेगळं.

एक औषध मनाची धास्ती कमी करते. त्याचे नाव मिडाझोलाम.

दुसरे दुखणे मारते. फेंटानिल, मॉर्फिन ही त्यातली.

तिसरे स्नायू सैल करते. दक्षिण अमेरिकेतील रानातले लोक शिकारीच्या बाणाला क्युरारे नावाचे विष लावीत. १९४२ साली कॅनडात डॉक्टर ग्रिफिथ यांनी तेच बेताने ऑपरेशनसाठी वापरले. आता त्याच जातीची नवी औषधे आहेत. या औषधाने श्वासाचे स्नायूही थांबतात. म्हणून नळी घालून यंत्राने श्वास देतात. ऑपरेशन संपले की निओस्टिग्मिन देऊन स्नायूंत जोर परत आणतात. त्याने हृदय मंद होऊ नये, म्हणून बरोबर अॅट्रोपिनसारखे औषध देतात.

आणखी एक औषध उलटी थांबवते. त्याचे नाव ऑनडानसेट्रॉन.

हे सारं मोजूनमापून देणारे भुलेचे डॉक्टर वेगळे असतात. ते ऑपरेशनभर रोग्याच्या उशाशी असतात. नाडी, रक्तदाब, श्वास यांवर त्यांची नजर असते.

आता आपलं काम ऐका. ऑपरेशनआधी उपाशी राहायला सांगतात. पण "लेकरू उपाशी कसं ठेवू?" म्हणून आई चोरून चहाबिस्कीट देते. ही माया पोराच्या जिवावर बेतते. भुलेत खोकला येत नाही. पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात शिरते. बहुधा जेवण सहा ते आठ तास आधी बंद असते, साधं पाणी दोन तास आधी. पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळा. चुकून काही खाल्लं, तर सरळ सांगा. ऑपरेशन पुढे गेलं तर जाऊ द्या, जीव मोलाचा.

दुसरं, भुलेच्या डॉक्टरांपासून काही लपवू नका. दारू, तंबाखू, विडी, सगळं सांगा. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. वैद्याचा पालाही सांगा. कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, दात हलतो का, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, तेही सांगा. सासऱ्यासमोर बोलायची लाज वाटली, तर डॉक्टरांना बाजूला घेऊन बोला. त्यावरूनच ते औषध ठरवतात आणि किती द्यायचं ते मोजतात.

आज इतकंच. हा धडा घरी मोठ्याने वाचा. ज्याच्या घरी ऑपरेशन ठरलं असेल, त्यालाही वाचून दाखवा.