तळ्याकाठी मेलेलं रानबदक सापडलं तर

थंडीत रंकाळा, कळंबा आणि गावोगावच्या तळ्यांवर पाहुणी बदकं उतरतात. संस्थानच्या काळात त्यांची शिकार व्हायची. बदकात पेंढा भरायचा असला, की शिकारी जागेवरच त्याच्या चोचीत कापूस कोंबत, म्हणजे रक्तानं पिसं डागाळत नसत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार आता याला बंदी आहे. आता मेलेलं सापडलेलं रानबदकही सरकारचं. उचललंत तर ४८ तासांत वनखात्याला किंवा पोलीस ठाण्यात कळवावं लागतं. पण मी म्हणेन, उचलूच नका. वनखात्याला १९२६ वर फोन करा.

काळजी घ्यायची ती आपल्या कोंबड्यांसाठी. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूपायी लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. रानबदकं हा रोग वरून धडधाकट दिसत असतानाही बाळगू शकतात. तेव्हा उघड्या हातानं शिवू नका, पिसं उपटू नका, पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा. रश्श्याचा मोह तर नकोच! दोन-चार पक्षी एकदम मेलेले दिसले, तर त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात सांगा. तळ्यावरून आल्यावर हातपाय साबणानं धुवा, चपला बदला, मगच खुराड्याकडे जा.

पायात कडं दिसलं तर काढू नका, वनरक्षकाला दाखवा. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्ष्यांना अशी कडी घालते. त्यावरच्या आकड्यावरून पक्ष्याला कडं कुठं घातलं होतं, ते कळतं.