पॉवरलूम : शब्द आणि वापर

‘पॉवरलूम’ हा इंग्रजी जोडशब्द सुरतेजवळच्या भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यातल्या मराठी घरांतही रुळला आहे. उधना–जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातून कामासाठी आलेली अनेक कुटुंबे या भागात स्थिरावली. तिथे ‘लूममध्ये आहे’ एवढे म्हटले की धंदा कळतो.

‘पॉवर’ म्हणजे शक्ती आणि ‘लूम’ म्हणजे माग. जुन्या इंग्रजीत मात्र ‘लूम’ म्हणजे कोणतेही अवजार. वडिलोपार्जित वस्तूला इंग्रजीत ‘एअरलूम’ म्हणतात, त्यात हा अर्थ अजून टिकून आहे.

एडमंड कार्टराइटने इंग्लंडमध्ये १७८५ साली यांत्रिक मागाचे पेटंट घेतले, तेव्हा ‘पॉवर’ म्हणजे वीज नव्हतीच. पुढे कित्येक वर्षे हे माग पाण्यावर आणि वाफेवर चालले. भारतातल्या १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार ‘पॉवर’ म्हणजे वीज, किंवा माणसाच्या वा जनावराच्या बळावर निर्माण न झालेली, यंत्राद्वारे पोचवलेली ऊर्जा, अशी व्याख्या होती. हातमागासाठी कापडाचे काही प्रकार राखून ठेवणाऱ्या १९८५ च्या कायद्याने पॉवरलूमसाठी हीच व्याख्या घेतली आणि उरलेले सगळे माग हातमाग ठरवले. त्यामुळे पायाने चालणारा माग कितीही झपाट्याने चालला तरी कायद्याच्या लेखी तो हातमागच.

खरी गंमत व्यवहारात आहे. गिरणीतला मागही विजेवरच चालतो, पण त्याला आपल्याकडे कोणी पॉवरलूम म्हणत नाही. भारतात हा शब्द गिरणीबाहेरच्या, छोट्या मालकांच्या शेडमधल्या मागांसाठी राखला गेला. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. भिवंडी, मालेगाव, सुरत इथेही हा धंदा अशाच छोट्या कारखान्यांतून वाढला. शब्दकोशातल्या फोडीपेक्षा धंद्याची ही रचनाच शब्दाचा अर्थ ठरवते. सुरतेत तर ‘मिल’ म्हणजे बहुधा कापडाची रंगाई-छपाई करणारा कारखाना. तिथे माग नसतो. मुंबईच्या गिरणगावातून आलेला माणूस सुरतेत हमखास गोंधळतो.

इंग्रजी कोशांत हा शब्द ‘पॉवर लूम’ असा तोडून लिहितात, भारतीय सरकारी कागदांत तो सलग येतो. मराठीत ‘यंत्रमाग’ हा प्रतिशब्द वर्तमानपत्रांत आणि शासनव्यवहारात पक्का झाला आहे. लिहिताना तोच वापरावा, बोलताना ‘पॉवरलूम’ म्हणायला हरकत नाही. गिरणीतल्या मागाला मात्र यांपैकी कोणताही शब्द लावू नये.