भूकंप आणि नळाचे पाणी



नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी ज्या तापी खोऱ्यात वसले आहे, त्या खोऱ्यास भूकंप अपरिचित नाही. उत्तरेकडील सातपुडा परिसरात १४ मार्च १९३८ रोजी ६.३ रिश्टर तीव्रतेचा भूकंप झाला होता. २००२ च्या भारतीय मानक नकाशात हा भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात दाखविण्यात आला होता.

भूकंप कोणत्या दिवशी होईल, हे विज्ञान सांगू शकत नाही. परंतु तो झाल्यास पाणीपुरवठ्याचा कोणता भाग प्रथम निकामी होईल, याचा अंदाज मात्र आधी बांधता येतो.

त्याची निकड जपानमधील कोबे शहराने दाखवून दिली. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात तेथील परिसरात बारा लाखांहून अधिक घरांचे पाणी तुटले आणि आगी विझविण्यासही पाणी अपुरे पडले. गुजरातेत २६ जानेवारी २००१ रोजी झालेल्या भूकंपात पोकळ स्तंभावर उभ्या असलेल्या अनेक उंच टाक्यांच्या आधारभिंतींना तळाशी आडवे तडे गेले.

अंदाजाची रीत सरळ आहे. प्रथम जलवाहिन्यांचा नकाशा करून प्रत्येक नळाचे वय, व्यास, सांधे आणि तो कशाचा बनला आहे, याची नोंद घेतली जाते. त्यावर जमिनीचा प्रकार आणि हादऱ्याचा संभाव्य वेग मांडून किलोमीटरमागे किती ठिकाणी फूट होईल, याचे गणित केले जाते. जुने बिडाचे व अॅस्बेस्टॉस सिमेंटचे नळ ठिसूळ असतात. पोलाद आणि लवचीक सांध्यांचे नळ अधिक तग धरतात. पाण्याने भिजलेली सैल वाळू हादऱ्याने द्रवासारखी होते. तेथे धोका वाढतो.

हे गणित केवळ शहरांच्या उपयोगाचे नाही. शहराचे नळ कोरडे पडले की टँकर जवळच्या खेड्यांतील विहिरींकडेच वळतात. म्हणून नगरपालिका असो वा ग्रामपंचायत, नळांचा नकाशा अद्ययावत ठेवणे, व्हॉल्व्ह चालू स्थितीत राखणे, जोडसामानाचा साठा करणे, पंपासाठी पर्यायी वीज आणि रुग्णालयासाठी राखीव पाणी योजणे अगत्याचे आहे. धरणीकंप टाळणे मानवाच्या हाती नाही. त्यानंतरची तहान टाळणे मात्र निश्चितच आहे.