सगळ्यांना पोहोचेल असा सूर



1739 साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्यानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी आपापल्या मुलखात नेल्या. भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही दिसतात. मिस्सेला बोलावणारी घंटा आरतीला बोलावू लागली.

पण घंटा वाजवायला एकच माणूस पुरतो. गाण्याचं तसं नाही. ते सगळ्यांनी म्हटलं, तरच ती सगळ्यांची उपासना होते.

आमच्या आजीच्या काळात मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. शब्द कळायचे नाहीत, म्हणून बायका हातातली माळ ओढत बसायच्या. पुढे 1963 च्या डिसेंबरात व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत लोकांच्या भाषेला जागा दिली. लोकांनी स्वतः गावं, त्या त्या देशाच्या संगीताला मान द्यावा, असंही सांगितलं. मग वसईच्या चर्चमध्ये मराठी गीतं आली, पेटी आणि तबला आला. आजीच्या तोंडी पहिल्यांदा अर्थ आला.

मराठीतून ख्रिस्ताचं गाणं मात्र त्याहून जुनं. फादर स्टीफन्स हे इंग्लंडहून गोव्यात आले आणि त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते 1616 साली छापलं गेलं. त्यात जवळजवळ 11 हजार ओव्या आहेत. इथल्या माणसांना पुराण ऐकायची सवय, म्हणून त्यांनी ओवीच धरली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाची चाल ख्रिस्ती उपासनेत आणली. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर!

आता माझी एक चूक सांगते. मे महिन्यात आमच्या वाडीत क्रुसाजवळ प्रार्थना असते. पेटी माझ्याकडे. एका वर्षी मी माझ्या गळ्याला शोभेल अशी उंच पट्टी धरली. गाणं छान झालं असं मला वाटलं. घरी जाताना एक म्हातारी बाई म्हणाल्या, “बाय, तुझं गाणं ऐकलं गो. आमचं राहून गेलं.” त्यांना सगळी कडवी पाठ होती, पण सूर पोहोचत नव्हता. मी उपासना नव्हते चालवत, कार्यक्रम करत होते.

दुसऱ्या दिवशी मी आधी त्यांना एक ओळ म्हणायला सांगितली आणि त्यांच्या आवाजावरून पट्टी धरली. त्या संध्याकाळी कुणीच गप्प बसलं नाही.

तुमचं भजनी मंडळ असो नाहीतर चर्चचा गायनवृंद, तीन गोष्टी करून पाहा. पहिली, पट्टी सगळ्यात चांगल्या गळ्यावरून ठरवू नका, सगळ्यात थकलेल्या गळ्यावरून ठरवा. पेटीवाला पुरुष असेल, तर त्याला सोपी पट्टी आपल्याला सोपी असेलच असं नाही. हे त्याला न लाजता सांगा. दुसरी, नवं गाणं आधी एकीनं म्हणावं, मग सगळ्यांनी. वाचता न येणारीलाही ते पाठ होतं. जनाबाईंचे अभंग असेच तोंडातोंडी आपल्यापर्यंत आले. तिसरी, म्हाताऱ्या बायकांना येणाऱ्या जुन्या चाली मोबाइलवर भरून ठेवा. शब्द पुस्तकात मिळतील, चाल मात्र त्यांच्याबरोबर जाईल.

माइक एकीच्याच हातात असतो आणि बाकीच्या ऐकतात. तसं ऐकायलाही हरकत नाही. पण देवापुढे बसल्यावर माइक थोडा बाजूला ठेवा. शेजारणीचा आवाज तुमच्या कानी आला पाहिजे, आणि तुमचा तिच्या.

येत्या आठवड्यात तुमच्या गटातली कोण गप्प बसते, तेवढं बघा. तिच्याजवळ बसा आणि पहिला सूर तिला लावू द्या.