देवराईत राखलेली मारी भाषा



मॉस्कोच्या पूर्वेला, व्होल्गा नदीच्या मधल्या खोऱ्यात मारी एल हे मारी लोकांचं प्रजासत्ताक आहे. रशियन दफ्तरांत त्यांना पूर्वी 'चेरेमिस' म्हणत. त्यांची भाषा फिन्निश आणि हंगेरियनच्या कुळातली. तिच्यात लिंगभेदच नाही. तो, ती, ते या तिघांचं काम एकाच सर्वनामावर भागतं.

1552 मध्ये झार चौथ्या इव्हाननं कझान जिंकलं, आणि त्याबरोबर मारी मुलूखही रशियाच्या अमलाखाली आला. त्यानंतर सुमारे तीस वर्षं मारी पुन्हा पुन्हा उठत राहिले. त्यांना दाबण्यासाठी किल्ले उभारले गेले. आजची राजधानी योश्कार-ओला म्हणजे 1584 सालचा असाच एक किल्ला. पुढे धर्मांतराची सक्ती झाली, तशी कितीतरी कुटुंबं पूर्वेकडे बश्कीर मुलखात निघून गेली. मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला, पण देवराई सोडली नाही.

या राईला ते 'कुसोतो' म्हणतात. तिथलं झाड तोडायचं नाही. 'कार्त', म्हणजे पुजारी, झाडापुढे उभा राहून 'ओश कुगु युमो' या थोरल्या देवाला आळवतो, तेही मारीतच. नेम्दा नदीकाठी चुंबिलात या वीराचं ठाणं आहे. 1830 मध्ये तिथली शिळा सुरुंगानं उडवण्याचा प्रयत्न झाला. भाविक मात्र आजही तिथे जमतात. मला वाटतं, मारीला घडीव, भारदस्त वाणी मिळाली ती या लांबलचक प्रार्थनांतून, छापील पुस्तकं येण्याच्या कितीतरी आधी.

पहिलं व्याकरण छापलं गेलं 1775 साली. आणि 1905 मध्ये सतरा वर्षांच्या सेर्गेई चवाइननं जी कविता लिहिली, जिच्यापासून मारी साहित्याचा आरंभ मानतात, ती राईवरचीच आहे. सोव्हिएत राजवटीनं सुरुवातीला मारी शाळा काढल्या, वर्तमानपत्रं काढली. पण 1937 मध्ये त्याच राजवटीनं चवाइनला गोळ्या घातल्या. कवी ओलिक इपायलाही. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. एका छोट्या भाषेची लिहिती पिढी अशी कापून काढणं याला मी भाषेवरचाच घाव म्हणेन.

राईतली प्रार्थना आता उघडपणे होते. शाळेत मात्र 2018 च्या कायद्यानं मातृभाषा शिकणं पालकांच्या इच्छेवर सोडलं आहे. आणि रशियाच्या जनगणनेत 2010 मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास असलेले मारी 2021 मध्ये सव्वाचार लाखांच्या घरात आले आहेत.