नुसती पळणारी पोरगी

वारज्याहून बोलतेय. मागच्या वेळी आपण गटाच्या वहीतल्या नोंदींबद्दल बोललो होतो. आज खो-खोबद्दल बोलायचंय. हसू नका, हाही हिशोबच आहे.

झालं असं, आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी चार हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, लेक खो-खो खेळते, तिला बूट घ्यायचेत आणि स्पर्धेला बाहेरगावी पाठवायचंय. बैठक गप्प. शेळीला आपण कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, दवाखान्याला तर न विचारता देतो. पण बुटांना? त्यात एक जण म्हणाली, "ती पोरगी नुसती पळते. गुण तर दुसऱ्याच मुली काढतात."

हे मला लागलं. मी स्वतः नववीपर्यंत खेळलेय आणि पळायची पाळी आली की पहिल्याच मिनिटात बाद व्हायचे. म्हणून मला पळणारीची किंमत माहीत आहे.

खो-खोचे नियम 1914 साली आपल्या पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. नऊ जणींचा संघ पाठलाग करतो. आठ जणी चौकोनात बसतात, एक धावते. समोरच्या संघाच्या तिघी एका वेळी आत येतात आणि त्यांनी फक्त वाचायचं. धावणारीला मधली रेषा ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा बदलता येत नाही. पळणारी मात्र बसलेल्या दोघींच्या मधून कुठूनही निसटू शकते. कधी साखळीत पळते, कधी खांबाजवळ हुलकावणी देते. ती बाद झाली की गुण समोरच्यांना. ती टिकली तर? आपण शिकलो त्या खेळात काहीच नाही. फक्त तिच्या नावापुढे मिनिटं आणि सेकंद लिहिले जातात. पण मोठ्यांच्या सामन्यात डाव नऊ मिनिटांचा. त्यातली तीन मिनिटं एकटीने खाल्ली, तर समोरच्यांनी गुण काढायचे कधी?

हे सगळं बोलताना मला सारिका काळे आठवली. उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची. खो-खोत पाठलाग आणि बचाव दोन्ही प्रत्येकीला करावंच लागतं, तिनेही केलं. पण तिचा खरा बचाव मैदानाबाहेर चालला होता. आई शिवणकाम आणि घरकाम करायची. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे फारसं कमावता येत नव्हतं. घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. जवळजवळ दहा वर्षं दिवसाला एकदाच जेवायला मिळायचं, असं तिनेच पुढे सांगितलंय. नीट खायला मिळायचं ते शिबिरात, स्पर्धेला गेल्यावर. रिकाम्या पोटी एक फेरी पळून बघा, मग कळेल.

2016 मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धांमध्ये पहिल्यांदा खो-खो आला. भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं आणि कर्णधार होती सारिका. आणि त्याच वर्षी घरच्या पैशाच्या ओढाताणीने ती इतकी खचली, की खेळ सोडायचंच तिने ठरवलं होतं! देशाची कर्णधार, आणि अडलं कशापायी, तर पैशापायी. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्यासारखी माणसं पाठीशी होती. समजावल्यावर ती मैदानावर परतली. पुढे तिला सरकारी नोकरी लागली, तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून. 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो तब्बल 22 वर्षांनी मिळाला होता.

आता खेळही बदललाय. नव्या नियमांत ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकलं, तर पळणाऱ्यांनाही गुण मिळतात. त्याला ड्रीम रन म्हणतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला तो याच नियमांनी. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे. म्हणजे नुसतं पळणं आता गुणफलकावरही दिसतं.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. तरी तिघींनी नाहीच म्हटलं, आणि तो त्यांचा हक्क आहे. सात जणींनी हो म्हटलं. आठ हप्ते ठरले. बुटांची पावती वहीला टाचली. मग कर्जाच्या कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, यावर पुन्हा वाद. कुणी म्हणे 'शिक्षण' लिहा, कुणी म्हणे 'इतर'. शेवटी सचिव ताईंनी पेन उचललं आणि 'खेळ' असं लिहिलं.