वाशीमच्या उन्हात पंचवीस मायक्रॉन



टोकण यंत्राच्या पेटीत, तळाशी, प्लास्टिकची एक चकती फिरत असते. तिच्या खाचेत सोयाबीनचा दाणा बसतो, वर उचलला जातो आणि नळीतून मातीत पडतो. दाणा सहा ते आठ मिलिमीटरचा. खाच मोठी असली तर दोन दाणे पडतात, लहान असली तर एकही नाही. आणि खाचेच्या कडेला बारीक धार राहिली, जिला आमच्या धंद्यात बर म्हणतात, तर दाण्याचं टरफल खरवडलं जातं. सोयाबीनचं टरफल किती नाजूक, हे वाशीमकरांना मी सांगायला नको. प्रमाणित बियाण्यात मक्याला किमान ९० टक्के उगवण लागते, सोयाबीनला ७० टक्के चालते, त्यात या नाजूकपणाचा वाटा मोठा आहे. उगवण कमी झाली की आपण बियाण्याकडे बोट दाखवतो, पावसाकडे दाखवतो. चकती काढून तिच्या कडेवरून बोट फिरवून पाहणारा शेतकरी मला क्वचितच भेटला.

अशी चकती होते कशी, हा आजचा विषय. हजारो नग हवे असतील तर साचा करतात आणि त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरतात. पण तो साचाही कुणीतरी धातूच्या ठोकळ्यातून कोरलेला असतो. पन्नास नगच हवे असतील, किंवा नवा आकार शेतात चालतो का ते आधी पाहायचं असेल, तर साच्याचा खर्च परवडत नाही. मग जाड शीट घेऊन थेट कोरायचं. दोन्ही वाटा मिलिंग मशीनवरूनच जातात.

मिलिंगमध्ये कापायचा तुकडा, म्हणजे जॉब, टेबलावर बांधलेला असतो आणि कटर फिरतो. हे काम पूर्वी कारागीर हाताने चाकं फिरवून करत. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामात होते. पात्याचा बाक हाताने नीट उतरेना, म्हणून त्यांनी कटरची वाट आकड्यांत मांडायचं ठरवलं. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्यासाठी पैसे दिले आणि १९५२ मध्ये एमआयटीच्या प्रयोगशाळेत छिद्रं पाडलेल्या पट्टीच्या हुकमाने चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं गेलं. पट्टीच्या जागी पुढे संगणक आला, त्याला आपण सीएनसी म्हणतो. आज चाकण, भोसरी, वाळूज, चिकलठाणा इथल्या शेडांमध्ये अशी मशीनं दिवसरात्र चालतात, आणि त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या पोरांत आपल्या रिसोड-मानोऱ्याकडचीही असतात.

या मशीनबद्दल एक भाबडी समजूत आहे की आकडे भरले की माप आपोआप येतं. आयुष्य टूलरूममध्ये काढल्यावर मी खात्रीने सांगतो, तसं होत नाही.

अॅल्युमिनियमपासून सुरुवात करू. मऊ धातू, वजनाला लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाइतका, म्हणून गाडीपासून पंपापर्यंत सगळीकडे. कापायला सोपा वाटतो, पण तापला की कटरच्या धारेला चिकटतो, आणि मग धार कापायची सोडून घासायला लागते. म्हणून त्याला दोन-तीन धारांचा, गुळगुळीत खोबणीचा कटर लागतो, चिप, म्हणजे कापलेला कीस, लगेच बाहेर पडली पाहिजे. वेगही मोठा. दहा मिलिमीटरचा कटर मिनिटाला तीनशे मीटरने कापायचा तर स्पिंडल साडेनऊ हजार फेऱ्यांनी फिरवावा लागतो.

प्लास्टिक त्याहून लहरी. ते उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे कापताना झालेली उष्णता चिपबरोबरच गेली पाहिजे. कटर एका जागी क्षणभर रेंगाळला की कड वितळते. नायलॉन हवेतला ओलावा पितं आणि फुगतं. मे महिन्यात बरोबर बसलेली नायलॉनची बुश श्रावणात शाफ्टला आवळून धरते, याचं कारण हेच. डेलरिन नावाचं प्लास्टिक पाणी फारसं पीत नाही, म्हणून पावसाळ्यात चालणाऱ्या यंत्राला ते बरं. शिवाय शीटमध्ये आतून ताण कोंडलेला असतो. एकाच बाजूने माल काढला की शीट वाकते. जाणता कारागीर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काढतो, जॉब रात्रभर मोकळा ठेवतो आणि शेवटचा हात दुसऱ्या दिवशी मारतो.

आणि पकड! नवशिका पोरगा प्लास्टिकचा जॉब व्हाइसमध्ये लोखंडासारखा आवळतो. दाबलेल्या जॉबमध्ये मशीन अगदी गोल भोक पाडतं. व्हाइस सैल केली की जॉब आपल्या मूळ आकारात येतो आणि भोक अंडाकृती होतं. प्रोग्राम बरोबर, मशीन बरोबर, माल भंगारात. म्हणून जॉब कसा धरायचा, त्याला फिक्स्चर कोणतं करायचं, हा विचार प्रोग्रामच्या आधी येतो. माझ्या मते या धंद्याची निम्मी अक्कल तिथेच आहे.

आता आपल्या उन्हाकडे येतो. जगभर मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. वाशीममध्ये एप्रिल-मेत पत्र्याच्या शेडखाली चाळीसच्या खाली पारा कधी असतो, सांगा. ६२०२ नंबरचं बेअरिंग इथल्या प्रत्येक मोटार रिवाइंडिंगवाल्याला माहीत आहे. बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर. ते बसतं त्या भोकाला, म्हणजे घराला, नेहमीची एच-सात मर्यादा लावली तर सूट मिळते २५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. अॅल्युमिनियमचं ते घर २० वरून ४० अंशांवर गेलं की व्यास सुमारे १६ मायक्रॉनने वाढतो. पंचविसातले सोळा उन्हानेच खाल्ले. मोजायचं साधन पोलादाचं असतं, तेही फुगतं पण निम्म्यानेच. शंभर मिलिमीटरचा नायलॉनचा तुकडा तेवढ्याच उन्हात दीडशे मायक्रॉनहून अधिक लांबतो. जुन्या मिस्त्र्यांचं माप सुताचं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या कामात ऊन दिसतच नव्हतं. मायक्रॉनच्या कामात ते पहिल्या दिवसापासून दिसतं.

म्हणून कुणी तरुण कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन, घ्यायला निघाला की मी त्याला थांबवतो. आधी एक लहान बंद खोली, तिला एसी, आत ग्रॅनाइटचं टेबल, चांगले मायक्रोमीटर, बोअर गेज आणि ती वेळच्या वेळी तपासून घेण्याची सवय. जॉब तिथे काही तास ठेवून मगच मोजायचा. आधी गिऱ्हाईक, तेही एकदा येऊन जाणारं नको, दर महिन्याला ऑर्डर देणारं हवं. मशीनचा हप्ता ऑर्डरची वाट पाहत नाही.

दुसरी गोष्ट ड्रॉइंगची. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांचं आरेखन शिकवत होते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीच्या माळावर त्यांनी नांगरांचा कारखाना उभा केला, त्याच्या मुळाशी ते आरेखन होतं. आपल्याकडे ड्रॉइंग पहिल्या कोनाच्या पद्धतीने काढतात, अमेरिकी गिऱ्हाइकाचं तिसऱ्या कोनाचं असतं. पद्धत सांगणारी कोपऱ्यातली लहानशी खूण वाचली नाही तर डाव्या हाताचा भाग उजव्या हाताचा होऊन बसतो, आणि मशीन तो चुकीचा भागही तितक्याच अचूकपणे करतं. आयटीआयमधून बाहेर पडलेला एक मुलगा वर्षानुवर्षं ऑपरेटर म्हणून फक्त हिरवं बटण दाबत राहतो आणि दुसरा दोन वर्षांत सेटर होतो, मापाची दुरुस्ती म्हणजे ऑफसेट स्वतः देतो. मी जवळून पाहिलंय, फरक बहुतेक वेळा ड्रॉइंग वाचण्याचा असतो. ही मुलं हुशार आहेत. त्यांच्यापुढे ड्रॉइंग ठेवून तासभर बसणारं कुणी नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता काम कुठून येणार ते पाहू. २०१८ मध्ये नीती आयोगाने वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतलं. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला आणि जून २०२५ पासून तो थेट मुंबईच्या वेशीपर्यंत खुला आहे. वाळूजचं जॉबवर्क इथे येऊ शकतं, हे खरं. पण तिथल्या शंभर शेडांशी दराने झुंजण्यापेक्षा इथलं काम इथे करावं, असं मला वाटतं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल विदर्भात गावोगावी आहे. तिची बेअरिंगची घरं झिजतात. टोकण यंत्राच्या चकत्या वाणागणिक बदलाव्या लागतात, कारण सगळ्या वाणांचा दाणा सारखा नसतो. हे थोड्या नगांचं, वारंवार लागणारं काम मोठा कारखाना हातात घेत नाही.

मृग लागायला अजून अवधी आहे. करड्याचं कृषी विज्ञान केंद्र आणि वाशीमचं आयटीआय यांनी मिळून मे महिन्यात तालुक्याच्या गावी एक दिवस चकत्या तपासायला बसावं, अशी माझी विनंती आहे. दोन मापांच्या पिना लागतील, एक खाचेत जायलाच हवी, दुसरी जाता कामा नये, आणि कडा पाहायला एक भिंग. पिना मुलांनी स्वतः करायच्या. ज्या चकत्या नापास होतील त्यांची मापं वहीत लिहून घ्यायची, कारण त्या वहीतच पुढच्या मशीनची पहिली ऑर्डर असेल.